ठिपक्यावरचे डाग

आत्या भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. गॅलरीत छोटी दुर्बीण लावायची, सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची, सौरडाग पेन्सिलीनं गिरवायचे आणि खाली तारीख-वेळ टाकायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. भाचा खगोलभौतिकीतला संशोधक. दूरच्या ताऱ्यांवरचे डाग आणि त्या ताऱ्यांची चुंबकीय सक्रियता हा त्याचा विषय. सूर्याबद्दल दोघांचं भांडण नाही. भांडण सुरू होतं ते सूर्य ओलांडला की. बहुतेक तारे मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. त्या ठिपक्यावर डाग आहेत, ते अमुक अक्षांशावर आहेत, अमुक इतके थंड आहेत असं म्हणणं हे ज्ञान, की गणितानं रंगवलेली कल्पना? पुढचा संवाद या प्रश्नावरचा.

आत्या : हे तू पाठवलेलं चित्र. नारिंगी गोळा, डोक्यावर काळी टोपी, कमरेपाशी दोन काळी ठिगळं. हा फोटो आहे का?

भाचा : नाही. वर्णपटावरून गणित करून काढलेला नकाशा आहे.

आत्या : पण छापताना तसं कुणी म्हणत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं. माझ्या कागदावर डाग उमटतो तेव्हा मध्ये गणित नसतं. गडद गाभा, त्याच्याभोवती करडी झालर, हवा शांत असेल तर झालरीची फाटकी कडसुद्धा. उद्या तोच डाग तेरा अंश पुढे सरकलेला असतो. मी बघते आणि काढते. विषय संपला.

भाचा : आणि तो डाग चुंबकीय आहे, हे कागदावर कुठे उमटतं?

आत्या : ते नाही उमटत.

भाचा : गॅलिलिओच्या काळापासून जवळजवळ तीनशे वर्षं लोक सौरडाग बघत होते. श्वाबेनं 1843 मध्ये त्यांची संख्या ठरावीक वर्षांच्या अंतरानं चढते-उतरते हेही दाखवलं. पण डाग म्हणजे नक्की काय, हे कळायला 1908 उजाडलं. माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेलनं डागातला प्रकाश वर्णपटात उलगडला आणि त्यातल्या रेषा फुटलेल्या सापडल्या. तीव्र चुंबकीय क्षेत्रात रेषा अशाच फुटतात. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. डागात ते दोन-तीन हजार गॉस असतं. एवढं क्षेत्र खालून उसळणाऱ्या तप्त वायूला अडवतं, म्हणून तो भाग भोवतालापेक्षा हजार-दीड हजार अंशांनी थंड पडतो आणि काळा दिसतो. नुसतं बघून हे कुणाला कळलं नव्हतं.

आत्या : मान्य. पण डाग कुठे आहे हे हेलला ठाऊक होतं. त्यानं वर्णपटदर्शकाची फट डागावर ठेवली, मग बाजूच्या स्वच्छ पृष्ठभागावर ठेवली, आणि दोन्हींतला फरक पाहिला. तुला फट ठेवायला जागाच नाही. तुझ्याकडे येतो तो अख्ख्या ताऱ्याचा एकत्र प्रकाश. घराबाहेरच्या वीजमीटरकडे बघत बसायचं, चकती जरा हळू फिरली की सांगायचं, माजघरातला दिवा गेला. स्वयंपाकघरातला कशावरून नाही? दोन खोल्यांतले दोन लहान दिवे कशावरून नाहीत?

भाचा : आक्षेप रास्त आहे, आणि आमच्यातल्याच लोकांनी तो गणितानं सिद्धही केलाय. तारा फिरताना त्याचा प्रकाश कमी-जास्त होतो. त्या एका आलेखावरून पृष्ठभागाचा एकच एक नकाशा कधीच निघत नाही, असंख्य निघतात. लहान पण खूप थंड डाग आणि मोठा पण जेमतेम थंड डाग, दोघंही सारखाच अंधार पाडतात. डाग उत्तरेला की दक्षिणेला, तेही सांगता येत नाही.

आत्या : मग दुकान बंद करा.

भाचा : थांब. तारा किती दिवसांत स्वतःभोवती फिरतो, हे त्याच आलेखावरून पक्कं कळतं. डाग साधारण किती काळ टिकतात तेही. दोन वेगळ्या रंगांत मोजमाप केलं तर डागाच्या तापमानाला लगाम बसतो. नकाशा मिळत नाही म्हणून काहीच मिळत नाही असं नाही.

आत्या : जेवढं मिळतं तेवढंच सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते. पण तुमच्या पंथाची सुरुवातच चुकीनं झाली. तिमिंगल तारकासमूहातला मीरा तारा सुमारे अकरा महिन्यांनी उजळतो आणि मधल्या काळात नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. इस्माएल बुलियोनं 1667 मध्ये लिहून टाकलं की त्याची एक बाजू डागाळलेली आहे आणि तो फिरतो म्हणून असं होतं. पुढे काय निघालं? मीरा स्वतःच फुगतो आणि आकसतो. त्यात डागांचा संबंध नाही.

भाचा : बुलियो चुकला. पण तारेही सूर्यासारखे फिरणारे, डाग असणारे गोळे असतील, हे म्हणायला त्या काळात धाडस लागत होतं.

आत्या : धाडसाला मी गुण देत नाही. आणि साडेतीनशे वर्षांनी काक्षीच्या बाबतीत काय झालं? 2019 च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी इतका मंदावला की शाळेतल्या पोरांच्याही लक्षात आलं. एक गट म्हणाला प्रचंड डाग, दुसरा म्हणाला धूळ.

भाचा : 2021 मध्ये युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून घेतलेल्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काक्षी इतका अवाढव्य आणि त्यातल्या त्यात जवळचा आहे की त्याची तबकडी दिसू शकते. तिचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला होता. ताऱ्यानं आधी वायूचा लोट बाहेर टाकला, मग पृष्ठभागाचा एक पट्टा थंड झाला आणि त्या लोटात धूळ जमली, असा खुलासा पुढे आला. म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य होतं. आणि तो थंड पट्टा तुझ्या सौरडागांच्या जातीचा नसावा. तिथे खालून येणाऱ्या प्रचंड उकळ्यांचा खेळ जास्त.

आत्या : बघ, तबकडी दिसली तेव्हा वाद मिटत आला. माझं म्हणणं तेच आहे. ज्याची तबकडी दिसत नाही त्याच्याबद्दल तुझ्याकडे मीटरखेरीज काय आहे?

भाचा : ग्रह आहेत.

आत्या : ते कसे?

भाचा : हंस तारकासमूहात केप्लर दुर्बीण जो तुकडा सतत न्याहाळत होती, त्यात हॅट-पी-11 नावाचा तारा आहे. सूर्यापेक्षा लहान आणि थंड. नेपच्यूनच्या जवळपास आकाराचा एक ग्रह दर पाच दिवसांनी त्याच्यासमोरून जातो. ग्रह तबकडीवर शिरला की प्रकाश उतरतो, काही वेळ आलेखाचा तळ जवळजवळ सपाट राहतो, ग्रह बाहेर पडला की प्रकाश पुन्हा चढतो. आता वाटेत ग्रह एखाद्या डागावरून गेला असं धर. जी जागा आधीच काळोखी आहे तीच त्यानं झाकली, म्हणजे अडलेला प्रकाश कमी. सपाट तळावर लहानसा उंचवटा येतो. ग्रह डाग ओलांडून गेला की उंचवटा संपतो. तो कधी सुरू झाला आणि किती वेळ टिकला, यावरून डागाची जागा आणि रुंदी काढता येते.

आत्या : म्हणजे हेलची फट तुमच्यासाठी ग्रहानं सरकवली.

भाचा : अगदी तसंच. पुढचं ऐक. या ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जवळजवळ काटकोनात आहे. त्यामुळे प्रत्येक खेपेला तो ताऱ्याचे अक्षांश एकामागून एक ओलांडत जातो. केप्लरच्या चार वर्षांच्या नोंदींत हे उंचवटे तळावर वाटेल तिथे विखुरलेले नव्हते. त्यांनी दोनच ठिकाणी गर्दी केली होती. डाग दोन पट्ट्यांत होते, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, सरासरी साधारण 16 अंशांवर.

आत्या : सोळा? सूर्यावर चक्राच्या सुरुवातीला डाग 30-35 अंशांच्या आसपास उगवतात आणि वर्षं सरतील तसे नवे डाग विषुववृत्ताकडे येत जातात. चक्राच्या ऐन भरात ते पंधरा-सोळाच्याच घरात असतात.

भाचा : डागांचे आकारही सूर्यावरच्या मोठ्या डागांएवढे. फरक संख्येत. त्या ताऱ्याचा सुमारे तीन टक्के पृष्ठभाग डागांनी व्यापलेला होता, सूर्यावर एरवी असतो त्याच्या साधारण शंभरपट.

आत्या : हे मला पटतं. ग्रहाला कुणाचा सिद्धान्त सांभाळायचा नसतो, तो आपल्या वाटेनं जातो. पण मग तुझं हे टोपीवालं चित्र? तिथे तर ग्रह नाही.

भाचा : तिथे ताऱ्याचं स्वतःचं फिरणं कामाला येतं. वेगानं फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. येणाऱ्या कडेचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्याकडे. म्हणून वर्णपटातली रेषा पसरट होते आणि तिच्या रुंदीतली प्रत्येक जागा ताऱ्यावरच्या एकेका उभ्या पट्टीशी जुळते. डाग कडेवरून आत आला की रेषेच्या निळ्या बाजूला बारीक फुगवटा दिसतो. तारा वळेल तसा तो रेषेतून पुढे सरकत तांबड्या बाजूला पोहोचतो आणि नाहीसा होतो. विषुववृत्ताजवळचा डाग या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. वरच्या अक्षांशावरचा मध्याच्या आसपासच ये-जा करतो. व्होग्ट आणि पेनरॉड यांनी 1983 मध्ये याच युक्तीनं एका जोडताऱ्यावरचे डाग नकाशावर आणले.

आत्या : म्हणजे मीटरला खोलीवार काटे लावलेत. ठीक. पण टोपीचं काय? ध्रुवावरचा डाग उगवत नाही, मावळत नाही, रेषेत सरकतही नाही. त्यानं रेषेचा मध्य जरासा उथळ होतो, एवढंच. तेवढा उथळपणा ताऱ्याच्या वातावरणातल्या वरच्या थरांनीही येईल, किंवा रेषेचं तुमचं गणितच कच्चं असेल. आणि सूर्याच्या ध्रुवावर मी जन्मात डाग पाहिलेला नाही.

भाचा : नेमका याच मुद्द्यावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद होता. नकाशामागून नकाशा निघत होता आणि त्यात ध्रुवावरचा डाग दिसत होता, पण तो ताऱ्यावर आहे की पद्धतीतून आलाय, हे त्याच पद्धतीनं कसं ठरवणार? उत्तर मिळालं 2016 मध्ये, पुन्हा माउंट विल्सनवरून. तिथे चारा नावाची सहा दुर्बिणींची मांडणी आहे. दोन दुर्बिणींमधलं जास्तीत जास्त अंतर सुमारे 330 मीटर. सहाही दुर्बिणींचा प्रकाश लाटेला लाट जुळवून एकत्र आणला की त्या अंतराएवढ्या दुर्बिणीची बारीक नजर मिळते. संशोधकांनी तिच्यातून देवयानीतला झीटा नावाचा राक्षसी तारा पाहिला. तो सुमारे 180 प्रकाशवर्षांवर. चंद्रबिंबाच्या रुंदीचे सात लाख भाग कर, त्यातल्या एका भागाएवढी त्याची तबकडी.

आत्या : आणि टोपी होती?

भाचा : 2011 मध्ये होती, 2013 मध्येही होती. खालच्या अक्षांशांवरचे डाग मात्र दोन्ही वेळी वेगळे निघाले. सूर्यासारखे दोन नीटस पट्टे नव्हते; दोन गोलार्धांचा मेळही नव्हता.

आत्या : पण चारानं काढलेलं चित्र तरी फोटो कुठे आहे? तेही गणितानंच जोडलेलं.

भाचा : गणितानंच. पण त्याच्या चुका वेगळ्या जातीच्या. नकाशाची ती पहिली, डॉप्लरची पद्धत रेषेच्या आकारावर उभी आहे. रेषेबद्दलचं आमचं ज्ञान अपुरं असेल तर ती फसेल. चाराला रेषेशी देणंघेणं नाही. ती फसली तर लाटांच्या जुळणीत फसेल. दोन वाटांनी फसवणूक झाली असती तर ती दोन तऱ्हांची झाली असती. दोघी एकाच जागी पोहोचल्या, म्हणून ध्रुवावरचा डाग खरा मानायचा.

आत्या : हे सूत्र मला चालेल. ज्यांच्या चुका एकमेकींशी नातं सांगत नाहीत अशा दोन पद्धती एकाच उत्तराला आल्या तर उत्तर घ्यायचं. एकच पद्धत असेल तर उत्तर ताब्यात ठेवायचं, मिरवायचं नाही. पण मग सूर्याच्या ध्रुवावर डाग का नाहीत?

भाचा : सूर्याला एक फेरी घ्यायला विषुववृत्ताजवळ साधारण 25 दिवस लागतात. जे तारे खूप झपाट्यानं फिरतात, त्यांच्यात खोलवरून वर येणारे चुंबकीय पाश फिरण्याच्या जोरामुळे सरळ वर न येता अक्षाच्या दिशेनं ढकलले जातात आणि ध्रुवाजवळ बाहेर पडतात, असं एक स्पष्टीकरण आहे. सूर्य त्या मानानं संथ.

आत्या : बरं. आता हेच सूत्र तुमच्या ग्रहशोधकांना लावू. तूळ राशीतल्या ग्लीज 581 भोवती राहण्याजोगा ग्रह सापडला म्हणून केवढा गाजावाजा झाला होता.

भाचा : ग्लीज 581 डी. घोषणा 2007 ची. ग्रह ताऱ्याला ओढतो तेव्हा ताऱ्याच्या वर्णरेषा मागे-पुढे सरकतात, तसं सरकणं साधारण 66 दिवसांच्या फेऱ्यानं दिसत होतं. 2014 मध्ये लक्षात आलं की तो तारा स्वतः 130 दिवसांत एक फेरी घेतो. 66 म्हणजे त्याचा जवळजवळ निम्मा. ताऱ्याच्या येणाऱ्या बाजूवर डाग असला तर निळ्याकडचा प्रकाश कमी पडतो आणि रेषेचा मध्य तांबड्याकडे कलतो. तारा जागचा न हलता हलल्यासारखा वाटतो. ताऱ्याच्या सक्रियतेचा हिस्सा वजा केला आणि ग्रह नाहीसा झाला.

आत्या : म्हणजे ज्या डागांचा तू अभ्यास करतोस, तेच शेजारच्या टेबलावर कचरा ठरतात.

भाचा : आणि म्हणूनच शेजारचं टेबल आता आमच्याकडे येतं. पृथ्वी सूर्याला ओढते ती सेकंदाला जेमतेम नऊ सेंटिमीटर वेगानं. सूर्याच्या पृष्ठभागाची घालमेल त्याच मोजमापात मीटरच्या घरात भरते. डाग आणि त्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र समजल्याशिवाय दुसरी पृथ्वी सापडणं अवघड आहे. हार्प्स-एन नावाच्या वर्णपटदर्शकाचा उद्योग तुला आवडेल की राग येईल, सांगता येत नाही. ला पाल्मा बेटावर रात्री तो ताऱ्यांचे वर्णपट घेतो. 2015 पासून दिवसा त्याला तीन इंची भिंगातून सूर्य दाखवतात. पण भिंगातून आलेली प्रतिमा आधी आतून पांढऱ्या पोकळ गोलात सोडतात. तिथे प्रकाश इतका घोटला जातो की डाग, कड, मध्य सगळं एकजीव होतं. मग तो प्रकाश तंतूतून यंत्रात जातो.

आत्या : हातातलं चित्र मुद्दाम पुसायचं?

भाचा : मुद्दाम. सूर्याचाही ठिपका करायचा. मग ठिपक्यावरून आम्ही जे निष्कर्ष काढू ते, त्याच दिवशी उपग्रहांनी टिपलेल्या सूर्याच्या स्पष्ट चित्रांशी ताडून बघायचे. परीक्षेचं उत्तर शेजारी ठेवलेलं आहे आणि आम्ही ते न बघता पेपर सोडवतोय.

आत्या : राग नाही आला. ही पद्धत प्रामाणिक आहे. कन्येतल्या त्या तांबड्या ताऱ्याचं काय झालं? वेब दुर्बिणीला पाण्याची वाफ सापडली होती.

भाचा : जीजे 486. सुमारे 26 प्रकाशवर्षांवरचा तांबडा बटुतारा, त्याच्याभोवती खडकाळ ग्रह. 2023 मध्ये वेबच्या वर्णपटात पाण्याच्या वाफेची खूण मिळाली. पण वाफ ग्रहाच्या वातावरणात असेल किंवा ताऱ्यावरच्या थंड डागांत असेल. संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या.

आत्या : ताऱ्यावर पाणी?

भाचा : तुझ्या सूर्यावरही आहे. सौरडागाच्या गडद गाभ्यात पाण्याच्या रेणूंच्या खुणा 1995 मध्ये ओळखल्या गेल्या. गाभा इतका थंड की रेणू तग धरतात. तांबड्या ताऱ्यावरचे डाग तर त्याहून थंड. तुझ्या सूत्राप्रमाणे हे उत्तर अजून ताब्यातच.

आत्या : शाबास. आता मूळ प्रश्न विचारते. एवढी यातायात कशासाठी? सूर्य दारात आहे. कोडाईकनालला 1904 पासूनचे सूर्याचे फोटो काचेवर जपलेले आहेत. डागाच्या झालरीतून वायू बाहेरच्या दिशेनं वाहतो, हे जॉन एव्हरशेडनं तिथेच 1909 मध्ये शोधलं. आपल्या पुण्यात कावसजी नायगमवालांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. 1912 मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीणही कोडाईकनालला गेली. आज आदित्य-एल1 या यानावर आयुका या संस्थेच्या पुढाकारानं बनलेली सूट ही दुर्बीण सूर्य बघतेय. घरचं एवढं असताना दारोदार कशाला हिंडायचं?

भाचा : कारण घरी एकच तारा आहे, आणि तोही एकाच वयाचा. सूर्याची चक्रं आपण क्रमांक देऊन मोजतो ती 1755 पासून, आणि सध्या पंचविसावं चालू आहे. साडेचार अब्ज वर्षांच्या ताऱ्याच्या आयुष्यातली पंचवीस चक्रं. तो तरुणपणी कसा होता, पुढे कसा असेल, हे त्याच्याकडे कितीही टक लावून बघितलं तरी कळणार नाही. त्यासाठी त्याच्यासारखेच लहान-मोठ्या वयाचे तारे शोधायला लागतात. ऑलिन विल्सननं 1966 मध्ये माउंट विल्सनवर हेच सुरू केलं. कॅल्शियमच्या दोन रेषा आहेत, एच आणि के. जिथे चुंबकीय क्षेत्र जोरात, तिथे त्यांच्या तळाशी उजळपणा येतो. विल्सननं सुमारे नव्वद तारे निवडले आणि वर्षानुवर्षं प्रत्येकाच्या कॅल्शियमची उजळणी घेत राहिला. त्याला नकाशा नको होता. प्रत्येक ताऱ्याचा त्या रात्रीचा एक आकडा, बस्स.

आत्या : ही शिस्त माझ्या पसंतीची.

भाचा : 1978 मध्ये त्यानं निकाल छापला. काही ताऱ्यांत सूर्यासारखं वर्षांच्या हिशेबातलं चक्र होतं, काही वेडेवाकडे बदलत होते, काही सपाट होते. त्याआधी 1972 मध्ये स्कुमॅनिचनं कृत्तिका, रोहिणीजवळचा हायडीज तारकागुच्छ आणि सूर्य यांना वयाप्रमाणे रांगेत लावलं आणि दाखवलं की वय वाढतं तसं फिरणं मंदावतं आणि कॅल्शियमचा उजळपणाही उतरतो. तारा वाऱ्यातून वस्तुमान फेकतो, त्या वाऱ्याला चुंबकीय क्षेत्र धरून ठेवतं आणि फिरण्याला ब्रेक लागतो. हे सूर्याकडे बघून कुणाला सुचलं असतं कदाचित, पण ताडून बघता आलं नसतं. आणि सूटच्या गाळण्यांमध्ये एक गाळणी त्याच कॅल्शियमच्या एच रेषेची आहे. ताऱ्याचा जो एक आकडा विल्सनला मिळत होता, तो सूर्यावर नेमका कुठल्या जागांमधून येतो, हे ती दाखवू शकते.

आत्या : म्हणजे तुम्हालाही सूर्याशिवाय चालत नाही.

भाचा : एक दिवसही नाही. पण सूर्याबद्दलचे काही प्रश्न सूर्याला विचारून भागत नाही. 1645 ते 1715 या काळात डाग जवळजवळ दिसलेच नाहीत. ही सूर्याची लहर की अशा ताऱ्यांचा स्वभाव? शौरी तारकासमूहात एचडी 166620 नावाचा तारा आहे. माउंट विल्सनच्या नोंदींत त्याचं सुमारे 17 वर्षांचं चक्र स्पष्ट होतं. पुढे तो सपाट झाला आणि सपाटच राहिला. चक्र बंद पडताना सापडलेला हा पहिला भक्कम दावेदार.

आत्या : एक तारा.

भाचा : एकच, म्हणून दावेदार म्हटलं. आता मोठा हिशेब. 2020 मध्ये सूर्याशी तापमान, वय आणि फिरण्याचा काळ जुळणाऱ्या 369 ताऱ्यांची तुलना झाली. त्यांच्या प्रकाशातली चढउतार सरासरी सूर्याच्या पाचपट निघाली. सूर्य त्यांच्यात शांत आहे.

आत्या : शांत आहे, की ज्यांचा फिरण्याचा काळ मोजता आला तेच तारे तुम्ही निवडलेत? ज्याच्यावर डाग ठळक, त्याचाच काळ मोजता येतो. शांत तारे तुमच्या चाळणीतून आधीच गळाले असणार.

भाचा : हाच आक्षेप त्या लेखावरच्या चर्चेतला कळीचा मुद्दा आहे. एक तर सूर्य त्या ताऱ्यांहून मुळात वेगळा आहे, किंवा तोही कधीतरी तसाच खवळतो आणि आपल्या हयातीत ते दिसलेलं नाही.

आत्या : आणि तिथून पुढे बातमी होते, सूर्य पेटणार म्हणून. ताऱ्यांवरच्या प्रचंड स्फोटांचा, महाज्वालांचा तुमचा तो निकाल वाचलाय मी.

भाचा : डिसेंबर 2024 चा. केप्लरच्या नोंदींतले सूर्यासारखे 56,450 तारे तपासले. त्यांतल्या 2,527 ताऱ्यांवर 2,889 महाज्वाला सापडल्या. म्हणजे असा तारा सरासरी शंभर वर्षांत एकदा तरी पेट घेतो. 1859 मध्ये कॅरिंग्टननं पाहिलेल्या ज्वालेच्या कितीतरी पट मोठी ऊर्जा. आधीचे अंदाज काही हजार वर्षांतून एकदा असे होते.

आत्या : शंभर आणि काही हजार. यात केवढी तफावत आहे, कळतंय का तुला?

भाचा : कळतंय. फरक कशानं पडला तेही माहीत आहे. आधी फिरण्याचा काळ ठाऊक असलेलेच तारे घेत होते, या वेळी ती अट सोडली. आणि ज्वाला शेजारच्या दुसऱ्या ताऱ्याची तर नाही ना, हे चित्रातल्या जागेवरून तपासलं.

आत्या : ते चांगलं केलं. पण पद्धत एकच राहिली. दुसरी कुठे आहे? मी सांगते. 2012 मध्ये जपानमधल्या फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी जपानी सीडर वृक्षांच्या वार्षिक वलयांमध्ये इसवी सन 774-775 च्या सुमारास कार्बन-14 अचानक वाढलेला दाखवला. सूर्याच्या कणांचा प्रचंड मारा, हे त्याचं बहुतेकांना मान्य असलेलं कारण. चौदा हजारांहून अधिक वर्षांच्या लाकडात अशा ठळक खुणा बोटांवर मोजण्याइतक्याच सापडल्यात. तुझ्या शंभर वर्षांच्या हिशेबानं शंभराहून जास्त हव्या होत्या. दोन पद्धती आहेत, आणि त्या एकाच उत्तराला येत नाहीत.

भाचा : पण त्या एकच गोष्ट मोजत नाहीत. केप्लर उजेड मोजते, झाड कण मोजतं. ज्वालेबरोबर कण सुटतीलच आणि सुटले तरी पृथ्वीच्या दिशेनं येतील असं नाही. कित्येक महाज्वाला झाडात खूण न सोडता होऊन गेल्या असतील.

आत्या : असतील. किंवा सूर्यावर झाल्याच नसतील. यातलं काय खरं, हे तुला आज ठरवता येतं का?

भाचा : नाही. ज्वालेच्या उजेडाचं आणि कणांचं नातं ताऱ्यांवर मोजता आलं, तर ठरेल. ते अजून जमलेलं नाही.

आत्या : आणि ठरलं, पण तुमच्या मनाविरुद्ध ठरलं तर? तुमचे तारे तुम्हाला कधी नाही म्हणालेत का?

भाचा : म्हणालेत. त्रिकोण तारकासमूहात एक्सएक्स ट्रायँग्युली नावाचा राक्षसी तारा आहे. 1999 मध्ये त्याच्यावर जो डाग नोंदला गेला, त्यानं जितकी जागा व्यापली होती तितकी सूर्यावरच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या डागसमूहाच्या दहा हजारपट. टेनेरिफवरच्या स्टेला या स्वयंचलित दुर्बिणींनी त्याचे सोळा वर्षं वर्णपट घेतले आणि त्यावरून एकामागून एक नकाशे काढून चित्रफीत तयार झाली. सूर्यासारखं चक्र मिळेल असं वाटत होतं. मिळालं नाही. डाग येतात, जुळतात, फुटतात, विरतात, आणि त्यांना कुठलाच ठेका नाही. 2024 मध्ये तसंच छापलं.

आत्या : हे मला सगळ्यात जास्त पटलं. नकाशा नुसता रंगवलेला असता तर त्यानं तुमच्या मनासारखं चक्र काढून दिलं असतं. तर मग माझ्याकडून एवढं घे. उंचवट्यातले डाग मान्य, झीटा देवयानीची टोपी मान्य, वयाप्रमाणे उतरणारं कॅल्शियम मान्य. त्या कन्येतल्या ग्रहावरचं पाणी आणि शंभर वर्षांची महाज्वाला, ही दोन्ही अडवून ठेवली आहेत.

भाचा : पाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. महाज्वालेबद्दल आहे. 56 हजार तारे ही लहान गोष्ट नाही, आत्या. उपग्रह, वीजवाहिन्या, दळणवळण सगळं उघड्यावर आहे. पुरावा पुरता पक्का होईपर्यंत थांबलो आणि तेवढ्यात सूर्यानंच दाखवून दिलं तर?

आत्या : तयारी करायला मी कुठे अडवते? 1859 सारखी एक आली तरी आज पुरेशी आहे, आणि ती येऊन गेलेली आहे; तेवढ्या कारणावर यंत्रणा जरूर सज्ज ठेवा. पण लिहिताना 'सूर्यासारख्या ताऱ्यांवर' असं लिही, 'सूर्यावर' असं नको. ते दोन शब्द गाळायचे असतील तर आधी माझ्या झाडांचं उत्तर घेऊन ये.